स्वतःबाई

बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या छत्रीदुरुस्तीवाल्याची ठाम समजूत झाली होती, की यांचं सासरी पटत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाई हातात बॅग घेऊन तरातरा गल्लीतून जायच्या आणि अर्ध्या तासात तीच बॅग ओढत परत यायच्या. शेवटी न राहवून त्याने एकदा हटकलंच.

"बाई, मध्ये बोलतो म्हणून रागावू नका. पण एवढ्या तावातावाने निघता आणि लगेच परत येता, याने सासरच्यांवर वचक कसा बसणार? निदान दोन दिवस तरी माहेरी राहून दाखवा."

बाईंनी बॅग उलटी केली आणि तिचं चाक त्याच्या कानाशी नेऊन फिरवलं. "सासरी सगळं उत्तम चाललंय. कुरकुर आहे ती याची. ऐका, कुईं येतंय का?"

"येतंय."

"दगडांवर घासलं की येतं. ऑफिसच्या फरशीवर येत नाही. म्हणून इथे आणते."

मग बाई परत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी एका गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं : 'मी स्वतः पाहिलं आहे. तुमचं म्हणणं खरं आहे. चाक रडतं.'

आमची कंपनी प्रवासाच्या बॅगा बनवते. मी तिथलं कार्यालय एकतीस वर्षं सांभाळतो आहे आणि आठ महिन्यांनी निवृत्त होईन. वाणिज्य शाखेत शिकल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, कागद दिसला की त्याच्यावर क्रमांक घातल्याशिवाय माझा हात स्वस्थ बसत नाही. बाई मला 'फाईलराव' म्हणतात. त्यांना सगळं ऑफिस 'स्वतःबाई' म्हणतं. हे नाव कुणी ठेवलं ते माझ्या कोणत्याही फायलीत नाही, पण का ठेवलं ते मात्र बावीस वर्षांच्या सगळ्या फायलींत आहे.

बाईंचं काम तक्रारींना उत्तरं देण्याचं. त्यांच्या खोलीला लागून नमुन्यांची खोली आहे. आम्ही आजवर बनवलेल्या प्रत्येक बॅगेचा एकेक नमुना तिथे फळीवर ठेवलेला असतो. पत्र आलं की बाई ते दोनदा वाचणार, उठणार, फळीवरून तीच बॅग काढणार आणि गिऱ्हाइकाने जे केलं ते तसंच्या तसं करून बघणार. एकाने लिहिलं, ओले कपडे ठेवले तर बॅगेला वास येतो. बाईंनी ओला टॉवेल तीन दिवस बॅगेत कोंडला आणि चौथ्या दिवशी सगळ्या ऑफिसला वास घ्यायला लावला. एकीने लिहिलं, मूठ बोटांना काचते. बाईंनी माझी अकरा किलोची जुनी रजिस्टरं भरून ती बॅग तीन जिने वर नेली आणि तीन जिने खाली आणली. गाडीची वाट बघताना बॅगेवर बसलं तर ती दबते, असं कुणी लिहिलं की बाई आठवडाभर जेवायला खुर्चीऐवजी बॅगेवर बसणार. हे सगळं झाल्यावरच पत्र, आणि पत्रात ते ठरलेलं वाक्य : 'मी स्वतः पाहिलं आहे.'

थोरल्या मालकांना आधी हे अजिबात आवडायचं नाही. "बाई, आपण बॅगा विकतो. आपणच आपल्या चाकाला रडकं कसं म्हणायचं?" पण चाकं बदलली, मुठी बदलल्या, तक्रारी घटल्या, आणि तक्रार करणारेच पुढची बॅग घ्यायला परत येऊ लागले. तेव्हापासून ते काही म्हणेनासे झाले. फक्त चाकं बसवणारे मामा बाई दिसल्या की जिन्याखाली सरकायचे. "आली माझी इन्स्पेक्टर," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी थोरले मालक घरी बसले आणि धाकटे साहेब आले. माणूस हुशार, बोलायला गोड, वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी बॅगा फोनवरून विकायला काढल्या आणि विक्री तिपटीने वाढली. विक्री वाढली की तक्रार वाढणारच. महिन्याला साठ-सत्तर पत्रं यायची तिथे सातशे येऊ लागली, तीही ईमेलने. ईमेल लिहिणाऱ्याला तर दुपारच्या जेवणाआधी उत्तर हवं असतं. बाई एकट्या. लोक दीड-दीड महिना ताटकळायचे आणि मग दुसरी तक्रार करायचे, की पहिल्या तक्रारीचं काय झालं.

म्हणून एआय आलं. प्रश्न आला की स्वतःच पत्र लिहिणारं यंत्र. ते घेऊन येणाऱ्या माणसाने सांगितलं, की याला आधी शिकवावं लागतं. तुमच्याकडे जुनी पत्रं आहेत का?

आहेत का! बावीस वर्षांची पत्रं, तारीखवार, बॅगेच्या प्रकाराप्रमाणे वेगळी लावलेली, एकही गहाळ नाही. माझ्या आयुष्यात माझ्या फायलींना इतका मान कधीच मिळाला नव्हता. मी कपाटाच्या किल्ल्या काढून दिल्या. बाईंना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. कागद कंपनीचा, पाकीट कंपनीचं, पगार कंपनीचा. मग पत्रही कंपनीचंच, इतकं ते मला सरळ वाटलं.

यंत्राला आठवड्याभरात 'नव्या बाई' हे नाव पडलं. जुन्या बाईंचा त्यांच्यावर राग नव्हता, उलट कौतुकच होतं. "माझ्यापेक्षा गोड लिहितात हो नव्या बाई," त्या म्हणायच्या. "कालच्या पत्रात 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार' लिहिलं होतं. मला नसतं सुचलं. माणसाकडे संयम असता तर त्याने पत्र कशाला लिहिलं असतं?"

अवघड, गुंतागुंतीची अशी चाळीस-पन्नास पत्रं बाईंकडे यायची. बाकीची नव्या बाई परस्पर लिहायच्या. खाली नाव जुन्या बाईंचंच. धाकट्या साहेबांचं म्हणणं, लोकांना ते नाव ओळखीचं आहे, उगीच बदलायचं कशाला. बाईंनीही हसून "घाला" म्हटलं होतं. विभागाचं नाव असतं तसं आपलं नाव, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ घेतला. आम्ही सगळ्यांनीच तेवढाच घेतला होता.

मग एका शनिवारी साधं, पाकिटातलं, हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर डावीकडे झुकलेलं, पण ओळी पट्टीने आखल्यासारख्या. हाताने लिहिलेलं म्हणून ते थेट बाईंच्या टेबलावर गेलं. लिहिणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मी त्याची नक्कल ठेवली आहे, त्यातला मजकूर असा :

'आपल्याला त्रास देते याबद्दल क्षमस्व. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून माझी उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. येत्या गुरुवारी मी मुलीकडे निघाले आहे. दोन गाड्या बदलायच्या आहेत, सोबत कुणी नाही. म्हणून आपली लाल बॅग घेण्याआधी मी शेजारच्या मुलाकडून ईमेलने विचारलं होतं, की ती एका हाताने उघडते का. आपण लिहिलंत, "मी स्वतः एका हाताने उघडून पाहिली आहे, सहज उघडते." त्यावर विसंबून बॅग घेतली. गेले चार दिवस सकाळ-संध्याकाळ प्रयत्न करते आहे. मला जमत नाही. आपल्याला जमलं म्हणजे चूक माझ्याच पद्धतीत असणार. कृपया कळवाल का, आपण आधी कोणतं बोट कुठे ठेवलंत?'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलाशी आल्या. "फाईलराव, लाल बॅग मी एका हाताने कधी उघडली?"

"लाल बॅग? तुम्ही अजून खोक्यातूनही काढलेली नाही. नमुना मागच्या महिन्यात आला."

"मग हे कुणी लिहिलं?"

मी संगणकावर काढून दाखवलं. प्रश्न आला अकरा वाजून सात मिनिटं नऊ सेकंदांनी. उत्तर गेलं अकरा वाजून सात मिनिटं बारा सेकंदांनी. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"तीन सेकंद," त्या म्हणाल्या. "तीन सेकंदांत मी उठले, नमुन्यांच्या खोलीत गेले, खोकं फोडलं, एक हात बांधला, बॅग उघडली आणि परत येऊन पत्र लिहिलं. या वयात! गुडघ्यांना कळलं तर माझ्याशी बोलणं टाकतील."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "चला," म्हणाल्या. "माझा उजवा हात बांधा."

फायली बांधायच्या लाल फितीने मी त्यांचा उजवा हात कंबरेशी बांधला. लाल बॅग कडक कवचाची. तिला पुढच्या बाजूला दोन खटके, एकमेकांपासून दीड वीत लांब. दोन्ही एकदम दाबले तरच झाकण उघडतं. एक दाबून दुसऱ्याकडे गेलं की पहिला टक्कन पुन्हा बसतो. प्रवासात चुकून उघडू नये म्हणून मुद्दामच तसं केलेलं. बाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून पाहिली. मनगट आडवं टाकून पाहिलं. बॅग उभी करून पाहिली, पलंगावर असावी तशी सोफ्यावर ठेवून पाहिली. पाऊण तास झाला. दर खेपेला टक्. मामा कारखान्यातून वर आले होते, ते दारातच उभे राहून बघत होते. पहिल्यांदाच बाईंना घाबरून सरकले नाहीत.

"नाही उघडत," शेवटी बाई म्हणाल्या. "आणि ती बाई चार दिवस स्वतःचीच चूक शोधत बसली आहे. मुख्याध्यापिका ती! आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या असतील, आणि मी तिला..." फीत सोडून घ्यायला माझ्याकडे पाठ केली, तेव्हा मागे न बघता म्हणाल्या, "हे वाक्य नव्या बाई शिकल्या कुठून हो?"

मी सांगितलं. किल्ल्या मीच दिल्या होत्या हेही सांगितलं.

"असं," बाई म्हणाल्या. "म्हणजे फायली तुमच्या, पत्रं कंपनीची, आणि खोटं तेवढं माझ्या नावावर."

धाकटे साहेब सोमवारपर्यंत बाहेरगावी होते. रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. काम असं काही नव्हतं; आदल्या दिवशीचं बोलणं मनातून जात नव्हतं, एवढंच. एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दार उघडलं तेव्हा त्यांचाच उजवा हात पंचाने कंबरेला बांधलेला होता आणि लाल बॅग जेवणाच्या टेबलावर होती.

"या," ते म्हणाले. "हात बांधलेला आहे, नाहीतर नमस्कार केला असता. चाळीस वर्षं मी लोकांना दिसावं म्हणून काचा घासतो, आणि आमच्या हिला माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. दूध नासलंय म्हटलं तरी आधी चाखणार, तोंड वाकडं करणार, आणि मग म्हणणार, 'हो, नासलंय.'"

"चाखलं म्हणून तर कळलं," बाई आतून म्हणाल्या.

"मी सांगितलं तेव्हाच कळलं होतं ना?"

"तेव्हा तुम्हाला कळलं होतं. मला चाखल्यावर."

चहा पिताना यजमानांनी एक गोष्ट सांगितली. दुकानात प्रत्येक चष्म्याला, काच कुणी घासली त्याच्या नावाची चिठ्ठी लावतात. एकदा गर्दीत मालकाने दुसऱ्याने घाईत घासलेल्या काचेला यांच्या नावाची चिठ्ठी लावली, कारण यांच्या चिठ्ठीला गिऱ्हाईक नाही म्हणत नसे. ते गिऱ्हाईक घरी जाताना जिन्याची पायरी चुकलं आणि पाय मोडून बसलं. "भेटायला गेलो तर तो म्हणतो, तुम्ही घासली म्हणून मी डोळे मिटून घातला हो," यजमान म्हणाले. "डोळे मिटून चष्मा घातला! तेव्हा हसूही येईना." बाईंनी त्यांच्या हाताचा पंचा सोडला. बॅग त्यांच्याकडूनही उघडली नव्हती.

सोमवारी सकाळी नऊला बाईंनी पत्र तयार ठेवलं होतं, हाताने लिहिलेलं. सोबत आमची झिपची निळी बॅग पाठवायची होती. तिच्या झिपला मामांनी बोट अडकेल अशी मोठी कडी बसवून दिली होती, आणि ती एका हाताने उघडते हे बाईंनी, मी आणि मामांनी वेगवेगळं पाहून घेतलं होतं. दुपारच्या कुरियरने निघालं तर बुधवारी पोचणार. गुरुवारी त्या बाई निघणार. नियमाप्रमाणे बाहेर जाणाऱ्या वस्तूवर साहेबांची संमती लागते, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो.

साहेबांनी पत्र वाचलं. "बॅग जरूर पाठवा. लाल परत मागू नका, राहू दे त्यांना. पत्र सुंदर आहे. फक्त हे एक वाक्य..." त्यांनी बोट ठेवलं. वाक्य होतं : 'मागचं पत्र माझ्या नावाने यंत्राने लिहिलं होतं. मी बॅग पाहिलेली नव्हती.' "हे जरा बदलू या. 'नजरचुकीने तसं लिहिलं गेलं', एवढं पुरे."

"नजरचूक व्हायला आधी नजर लागते, साहेब," बाई म्हणाल्या. "तिथे कुणाची नजरच नव्हती."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. "बाई, ऐका तर खरं. सातशे पत्रं. तुम्ही एकट्या. पूर्वी लोक दीड महिना थांबायचे. आता तीन सेकंदांत उत्तर मिळतं. शंभरातले एक्याण्णव लोक समाधानी आहेत, विचारून घेतलंय मी. एवढ्या लोकांचं काम होतंय, त्यात वाईट काय?"

"काहीच वाईट नाही. तीन सेकंदांत 'पत्र मिळालं' लिहा, 'चाक असं बदला' लिहा, पत्ता लिहा, गोड लिहा. मला नव्या बाई आवडतात. फक्त 'पाहिलं' लिहू नका. ज्याने पाहिलं त्यानेच ते लिहावं."

"पण तो शब्दच तर लोकांना आवडतो! तुमची शैली आहे ती."

"शैली माझी असेल हो. हात माझा नव्हता."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी, खरं तर दोन वर्षांनी सांगायची म्हणून राखून ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. मला वाटतं, बाईंना आनंद होईल अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. "तुमच्या निवृत्तीच्या दिवशी जाहीर करणार होतो. तुम्ही गेल्यावरही पत्रं तुमच्याच नावाने जातील. कायम. पन्नास वर्षांनीसुद्धा लोक म्हणतील, त्या बाईंनी स्वतः पाहून लिहिलंय. असा मान आजवर कंपनीत कुणाला मिळालेला नाही."

बाईंनी टेबलावरचं आपलं पत्र उचलून घेतलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी घरी बसल्यावरही माझं खोटं बोलणं चालूच राहणार?"

"खोटं कसं म्हणता..."

"थांबा." बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि लाल बॅग घेऊन आल्या. साहेबांच्या काचेच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. "उजवा हात खिशात घाला. उघडा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. रोज व्यायामशाळेत जाणारा तरुण माणूस. त्यांनी बाही मागे सारली आणि पंजा ताणला. टक्. पुन्हा ताणला. टक्. तिसऱ्यांदा करंगळी खटक्याच्या फटीत सापडली आणि साहेब लहान मुलासारखे "आई गं!" म्हणाले. फुंकर घालता घालता त्यांची नजर, बॅगेसोबत बाईंनी आणून ठेवलेल्या मुख्याध्यापिकांच्या पत्रावर गेली. ते त्यांनी अजून वाचलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत फक्त बाईंचं उत्तर गेलं होतं. आता त्यांनी ते उचललं आणि वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"आधी कोणतं बोट कुठे ठेवलंत," त्यांनी मोठ्याने वाचलं. पत्र खाली ठेवून म्हणाले, "चार दिवस?"

"सकाळ-संध्याकाळ," बाई म्हणाल्या.

"पत्र आहे तसं जाऊ दे." मग थोड्या वेळाने : "अशी आणखी किती गेली असतील?"

हा प्रश्न माझ्या प्रांतातला होता. दोन दिवसांत मी मोजून दिलं. तीन महिन्यांत नव्या बाईंनी एक हजार नऊशे चाळीस पत्रं लिहिली. त्यांतल्या एक हजार सातशे शहाऐंशी पत्रांत 'मी स्वतः' होतं. आकडा बघून साहेबांचा चेहरा उतरला. पण मी ती पत्रं प्रकारवार लावली, तेव्हा दिसलं की पाहिल्या म्हणून सांगितलेल्या गोष्टी फिरून फिरून त्याच त्या होत्या. पावसात ठेवून पाहिली, जिन्यावरून ओढून पाहिली, वर बसून पाहिली. एकूण त्रेसष्ट.

"त्रेसष्टच?" बाईंचे डोळे चमकले. "मग बघूनच टाकू की."

पुढचे तीन आठवडे आमच्या ऑफिसात कुणी खुर्चीवर बसलं नाही. मामा एक बॅग नळाखाली धरून उभे असत. साहेबांनी स्वतः चौदा किलो भरून जिना चढायचं काम मागून घेतलं. बाई गल्लीत बॅगा ओढत होत्या आणि छत्रीवाला, आता तोही म्हातारा झालेला, प्रत्येक फेरीला ओरडायचा, "बाई, आज माहेरी किती वेळा?" त्रेसष्टपैकी बावन्न गोष्टी खऱ्या निघाल्या. म्हणजे नव्या बाईंनी न बघता खरं सांगितलं होतं. "नशीबवान आहेत," बाई म्हणाल्या. "पण नशिबाखाली सही करता येत नाही." अकरा खोट्या निघाल्या. त्या अकरांची पत्रं दोनशे चार लोकांना गेली होती. त्या सगळ्यांना बाईंनी खरं काय ते लिहिलं. मजकूर जुन्या बाईंचा, पाकिटांवरचे पत्ते नव्या बाईंचे.

आता यंत्राच्या प्रत्येक पत्राखाली 'हे पत्र यंत्राने लिहिलं आहे. माणसाने बघावं असं वाटत असेल तर कळवा' अशी ओळ असते. बहुतेक लोक कळवत नाहीत. त्यांना चाक कुठे बदलून मिळेल तो पत्ता हवा असतो, तो मिळतो. जे कळवतात ते बाईंकडे येतात. समाधानी लोकांचा आकडा एक्याण्णववरून सत्त्याऐंशीवर आला, तेव्हा साहेब दोन दिवस तो पुन्हा पुन्हा काढून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा आकडा तरी खरा आहे ना?" मी म्हटलं, "मी स्वतः मोजलाय."

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी मात्र बाईंचं कामात लक्ष नव्हतं. बॅग पोचली की नाही, त्या बाई निघाल्या की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. पत्रावर फोन नंबरसुद्धा नव्हता, आणि शेजारच्या मुलाला केलेल्या ईमेलला उत्तर आलं नव्हतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मंगळवारी एक खोकं आलं. त्यात आमचीच निळी बॅग, मोठ्या कडीसकट, आणि डावीकडे झुकलेल्या अक्षरातलं पत्र. बाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं.

'आपलं पत्र बुधवारी मिळालं. चूक माझी नव्हती हे वाचून मला फार बरं वाटलं. ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून शेजारच्यांना सांगितलं. निळी बॅग चांगली आहे, पण इतके दिवस मेहनत केल्यावर हार मानणं माझ्या स्वभावात नाही. मी लाल बॅगच घेऊन निघाले आणि मुलीकडे सुखरूप पोचले आहे. निळी बॅग घडी करून लालमध्येच घालून आणली होती, ती मुलीने परत पाठवली आहे. आता आपल्या माहितीसाठी : लाल बॅग एका हाताने उघडते. डावा खटका डाव्या अंगठ्याने दाबावा, उजवा खटका हनुवटीने. माझ्या वयाला शोभत नाही, पण उघडते. झाकण एकदम वर येतं, तेव्हा नाक वेळीच बाजूला घ्यावं. हे मी स्वतः पाहिलं आहे. आपल्या यंत्राला कळवावं.'

मी हसू आवरत म्हटलं, "चला, सुटलात. आता हे नव्या बाईंना शिकवून टाकू. पाहणारी व्यक्ती आहे, सही आहे, तारीखसुद्धा आहे. याहून पक्कं काय हवं?"

"पाहिलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. पण बोलता बोलता त्या उठल्या होत्या. नमुन्यांच्या खोलीतून फळी सरकल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात लाल बॅग होती आणि दुसऱ्यात माझी फीत.

"अहो बाई, आता कशाला?"

"लिहायचं आहे ना, की उघडते?" त्यांनी चष्मा काढून माझ्या फायलीवर ठेवला आणि पाठ माझ्याकडे केली. "बांधा. आणि दार लोटून घ्या, मामांनी बघितलं तर वर्षभर चिडवतील."

मी हात बांधला आणि दार लोटलं. बाईंनी बॅग टेबलावर नीट सरळ ठेवली, अंगठा टेकवला, हनुवटी टेकवली.

टक् न होता फट् असा आवाज आला, आणि पाठोपाठ बाईंचा. डोळ्यांत पाणी, नाक लालबुंद, झाकण सताड उघडं.

"लिहून घ्या, फाईलराव," त्या नाक चोळत म्हणाल्या. "उघडते. आणि नाकाचं वाक्य वर घ्या. अगदी पहिल्या ओळीत."